झाकण ४६ किलोचं, ओढ २०० किलोची : एका वेगवान बोटीच्या तुटलेल्या बिजागऱ्या

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, भर दुपारी तीन वाजता, हिंगणा एमआयडीसीतल्या आमच्या शेडसमोर ट्रेलर उभा राहिला. वर चोवीस फुटांची पांढरी-लाल बोट. शेजारच्या युनिटची पोरं काम सोडून बघायला आली. नागपूरकराला बोट माहीत आहे ती पायडल मारायची. पोटात ५.७ लिटरचं व्ही-८ पेट्रोल इंजिन घेऊन पाण्यावर उड्या मारणारी बोट आमच्यातल्या कुणीच जवळून पाहिली नव्हती.

आमचं काम कन्व्हेयरचं, टाक्यांचं, स्टेनलेसच्या टेबलांचं. बोटीचं काम कधी केलेलं नाही, हे मालकाला मी आधीच सांगितलं होतं. ते म्हणाले, "बोटीचं कुठं म्हणून राहिलो जी, बिजागरीचं काम आहे. दोनदा वेल्डिंग झालं, दोन्ही वेळा तुटली. तुम्ही जाड करून द्या."

जाड करून द्या, ही मागणी आमच्याकडं रोजची. काही तुटलं की त्याहून जाड. त्या दिवशी मीही मनात ८ मिलिमीटरची पट्टी धरली होती. पुढं पट्टी खरोखर ८ मिलिमीटरचीच लागली, पण मधल्या अठरा दिवसांत कळलं की दुखणं जाडीचं नव्हतंच.

आधी रचना सांगतो. या बोटीत इंजिन अगदी मागं, ट्रान्समला, म्हणजे मागच्या भिंतीला लागून आहे. त्यावर फायबरचं एकच मोठं झाकण, दीड मीटर रुंद आणि १.३ मीटर लांब, वर गादी. पाण्यावर असताना लोक त्यावर लोळतात. झाकणाच्या मागच्या कडेला, एकमेकींपासून एक मीटरवर, दोन बिजागऱ्या. पुढची कड वर उचलली जाते. उचलायला डाव्या बाजूला १२ व्होल्टचा इलेक्ट्रिक ॲक्च्युएटर, ज्याला आमचे लोक जॅकच म्हणतात. स्टिअरिंगशेजारी बटन. दाबलं की दांडा बाहेर येतो आणि झाकण उघडतं. काही बोटींत बिजागऱ्या पुढच्या कडेला असतात. तिथं हिशेब वेगळा होईल, पण पद्धत हीच.

बोट आली तेव्हा डावी बिजागरी मधून तुटून दोन तुकडे झालेली, उजवीचा एक कान गेलेला. झाकण नायलॉनच्या दोरीनं चारी बाजूंनी करकचून बांधलेलं.

पहिला संशय रस्त्यावर गेला. बोट मुंबईकडून ट्रेलरवर आली होती आणि झाकणाचा पुढचा लॅच ढिला होता. मागच्या कडेला बिजागरी असलेलं झाकण पुढून वारा खातं. ताशी ८० किलोमीटरला वाऱ्याचा दाब चौरस मीटरला साधारण ३० किलो पडतो. जवळपास दोन चौरस मीटरचं झाकण म्हणजे वाईटात वाईट धरलं तर साठ किलोची उचल. झाकण स्वतःच ४६ किलोचं. म्हणजे ते रस्त्यात आपटत आलं असणार, यात शंका नाही. मी फोरमनला म्हटलंही, "वाऱ्यानं तोडली."

तुटलेला भाग भिंगाखाली धरला आणि ते मत मागं घ्यावं लागलं. धातू एका झटक्यात तुटला तर तोंड सगळीकडं सारखंच ताजं, दाणेदार दिसतं. इथं डाव्या बिजागरीच्या तोंडाचा दोन तृतीयांश भाग काळपट, घासून गुळगुळीत झालेला होता आणि त्यात शिंपल्यावर असतात तशा बारीक वळ्या होत्या. उरलेला एक तृतीयांश तेवढा चकचकीत. भेग कितीतरी महिने रोज थोडी थोडी सरकत होती. रस्त्यानं फक्त शेवटचा घास घेतला. आणि वळ्या वरच्या अंगापासून सुरू झाल्या होत्या. म्हणजे बिजागरी दरवेळी एकाच दिशेनं वाकवली जात होती. कोण वाकवत होतं?

त्याआधी वेल्डिंगचं सांगतो, कारण मालकांचा सगळा राग त्या दोन वेल्डरांवर होता. डावी बिजागरी स्टेनलेसची. पहिल्यांदा कुणीतरी तिला साध्या लोखंडी रॉडनं टाचलं होतं. त्या जागी तांबूस गंज फुटलेला. दुसऱ्यांदा आर्गन वायूच्या वेल्डिंगनं, बऱ्यापैकी नीट. पण जुन्या टाक्याचं लोखंड पूर्ण कोरून न काढता त्यावरच नवा टाका. शिवाय बोट पूर्वी समुद्रात होती, त्यामुळे पिनेच्या भोकात मीठ अडकून धातूला खड्डे पडलेले. वेल्डिंगनं चूक केली, पण वेल्डिंग चोख असतं तरी ती तुटलीच असती, फार तर दिवाळीनंतर.

उजवीची गोष्ट जास्त मजेची. दिसायला डावीची जुळी बहीण, तशीच चकाकी. आमच्या वेल्डर काकांनी तुटलेला कान टेबलावर ठेवला, आर्गनचा टॉर्च टेकवला आणि दोन सेकंदांत मागं घेतला. "याले वेल्डिंग नाही होत जी. हे तर पाणी होऊन राहिलं." कानाच्या टोकाचा थेंब होऊन खाली पडला होता. ती क्रोम चढवलेली जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव बिजागरी निघाली. हा धातू चारशे अंशांच्या आतच वितळतो, स्टेनलेसला चौदाशे लागतात. हातात घेतल्यावर ओळखू येत नाही, लोहचुंबक दोघींनाही चिकटत नाही. आधीच्या कुणीतरी मूळची उजवी बिजागरी तुटल्यावर ही तिच्यासारखी दिसणारी आणून बसवली होती. वर तडा गेलेल्या जागी एम-सीलचा थर.

जस्ताची म्हणून ती कमजोर, एवढंच असतं तर सोपं होतं. व्हर्नियर लावला तर डावीच्या पिनेची उंची तळापासून २२ मिलिमीटर, उजवीची १९. तीन मिलिमीटरचा फरक. दार बसवणाऱ्या सुताराला विचारा, तो ओळंबा सोडल्याशिवाय बिजागरीला स्क्रू लावत नाही. पिना एका ओळीत नसतील तर दार कुरकुरतं, मग स्क्रू सैल होतात, मग चौकट फाटते. इथं तेच, फक्त चौकट फायबरची. झाकण दरवेळी स्वतःला मुरगळून उघडत होतं.

आता कोण वाकवत होतं, ते.

झाकण सुटं करून क्रेनच्या काट्याला टांगलं : गादीसकट ४६ किलो. मग मागची कड लाकडावर टेकवून फक्त पुढची कड काट्याला लावली : २३ किलोला थोडं कमी. यावरून वजनाचा मध्य बिजागरीपासून ६२ सेंटिमीटरवर येतो. म्हणजे झाकण बिजागरीभोवती खाली पडायला बघतं ते ४६ गुणिले ०.६२, साधारण साडेअठ्ठावीसच्या पिळानं (किलो गुणिले मीटर). ॲक्च्युएटरला हा पिळ मोडायचा आहे. किती जोर लागेल हे त्याच्या दांड्याची रेघ बिजागरीपासून किती दूर जाते त्यावर ठरतं. बंद झाकणात ते अंतर मोजलं. दोरी ताणून, काटकोन लावून, तीनदा. १४ सेंटिमीटर.

साडेअठ्ठावीस भागिले ०.१४. दोनशे चार किलो.

फोरमननं कॅल्क्युलेटर माझ्या हातातून घेऊन पुन्हा केलं. ४६ किलोचं झाकण उचलायला २०४ किलोचा जोर, कारण ॲक्च्युएटर जवळजवळ आडवा झोपलेला होता. तो झाकणाला वर कमी आणि पुढं जास्त ढकलत होता. बिजागऱ्यांवर उभा भार यायचा जेमतेम १५ किलो आणि आडवी ओढ २०० किलोची. तीही एका बाजूनं, डावीकडूनच, म्हणून मोठा वाटा डाव्या बिजागरीचा. आपण बिजागरीकडं बघतो ते तिला वजन पेलायचं आहे असं समजून. या बिजागरीला पेलायचं काहीच नव्हतं, तिला जागेवरून उपटलं जात होतं.

मूळ बोट बनवणारा इतका अडाणी असेल, हे पटेना. म्हणून टॉर्च घेऊन मी इंजिनाच्या खोलीत उतरलो. दुपारी दोनला, त्या भट्टीत. ॲक्च्युएटरच्या खालच्या ब्रॅकेटच्या बरोबर १८ सेंटिमीटर खाली पुट्टीनं बुजवलेली चार भोकं सापडली. मूळ जागा ती. मूळचा ॲक्च्युएटर बंद अवस्थेत साधारण ५१ सेंटिमीटर लांब असणार. तो बिघडल्यावर मिळाला तो ४५ चा. सहा सेंटिमीटर कमी पडले, मग ज्यानं बसवला त्यानं ब्रॅकेट वर सरकवला. काम झालं, बटन दाबलं, झाकण उघडलं, पैसे घेतले. जुन्या भोकांवरून हिशेब केला तर ॲक्च्युएटर तिरपा उभा राहतो, अंतर साडेतेहतीस सेंटिमीटर येतं आणि जोर लागतो फक्त ८५ किलो.

एवढ्यावर थांबलो असतो तर अर्धंच सापडलं असतं. ट्रान्समच्या वरच्या काठावर, दोन्ही बिजागऱ्यांच्या शेजारी, जेलकोट, म्हणजे फायबरवरचा चकचकीत थर, चेपून अर्धचंद्रासारख्या खुणा पडल्या होत्या. आधी वाटलं कुणी हातोडी आपटली. मग झाकण दोन माणसांनी धरून हळूहळू उघडून पाहिलं. साधारण ४८ अंशांवर झाकणाची मागची ओठी, पिनेच्या मागं चार सेंटिमीटर आलेली, काठावर टेकते. बरोबर त्या खुणांवर. मूळ जागेवर २० सेंटिमीटर स्ट्रोकचा, म्हणजे दांडा तेवढा बाहेर येणारा, ॲक्च्युएटर झाकण ३६ अंशांपर्यंतच नेतो. वर सरकवलेल्या जागेवरून तोच दांडा ६४ अंशांपर्यंत न्यायला बघतो. म्हणजे झाकण काठाला टेकल्यावरही ॲक्च्युएटर ढकलतच राहणार. पहारीनं खिळा उपटतात तसं : टेकू काठाचा, पहार झाकणाची, खिळा म्हणजे बिजागरी.

या ॲक्च्युएटरवर ३,००० न्यूटन लिहिलंय, म्हणजे ३०० किलोच्या वर. तो तिथं पूर्ण जोर लावेल असं धरलं तर बिजागऱ्यांवरची उपट साडेनऊशे किलोच्या वर जाते. प्रत्यक्षात झाकण थोडं वाकतं, फायबर दबतं, म्हणून तेवढी होत नसणार. अर्धी झाली तरी पुरे आहे.

मालकांना फोन केला. झाकण कसं उघडता? "बटन दाबून राहायचं नं. मोटरचा आवाज बदलला की सोडायचं. मेकॅनिक म्हणे पूर्ण उघडा, मले प्लगपर्यंत हात जात नाही." आवाज बदलायचा तो बिजागरी उपटली जात असल्याचा. बिचाऱ्यांना कोण सांगणार?

इथून पुढं दुरुस्ती. मात्र बोटीवर हात ठेवण्याआधीची एक गोष्ट, कारण आमच्यासारख्या फॅब्रिकेशनवाल्यांचा इथंच घात होतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि बोटीच्या तळाला पाण्यासारखी साचून राहते. वरून वास येईलच असं नाही. ट्रकच्या चेसिसवर जागेवरच वेल्डिंग मारायची आपली सवय. बोटीत ती जिवावर बेतेल. बॅटरीच्या दोन्ही वायरी काढल्या, झाकण आणि सगळे तुकडे शेडच्या दुसऱ्या टोकाला नेले, ग्राइंडर आणि वेल्डिंगचा टॉर्च बोटीजवळ फिरकू दिला नाही. बोटीत जी भोकं पाडली ती पंख्यानं तळाची हवा बाहेर काढून, हवेवर चालणाऱ्या ड्रिलनं. इंजिन सुरू करण्याआधी ब्लोअर, म्हणजे इंजिनाच्या खोलीतली हवा बाहेर फेकणारा पंखा, चार मिनिटं चालवायचा हा बोटवाल्यांचा नियमही याच वाफेसाठी आहे.

झाकणाला नाण्यानं ठोकत गेलो. मधे टणटण, बिजागऱ्यांजवळ भदभद. आतल्या कातडीला ५ मिलिमीटरचं भोक पाडलं तर ड्रिलला ओला तपकिरी भुसा आला. फायबरच्या दोन थरांमधे प्लाय असतो. स्क्रूच्या भोकांतून पाणी शिरून तो कुजला होता. यात नवीन बिजागरी लावणं म्हणजे शेणात खुंटी ठोकणं. दोन्ही ठिकाणी वीतभर लांबरुंद आतली कातडी कापून काढली, कुजका प्लाय खरवडला आणि झाकण चार दिवस शेडबाहेर उन्हात उपडं टाकलं. नागपूरच्या मे महिन्याचा असा उपयोग मी पहिल्यांदाच केला. चौथ्या दिवशी आतलं उरलेलं लाकूड खडखडीत.

प्लायऐवजी काय भरायचं? बोटवाले यासाठी काचतंतू-इपॉक्सीची घट्ट पाटी वापरतात. मी मुंबईहून मागवायच्या विचारात होतो, तेव्हा फोरमन म्हणाला, ट्रान्सफॉर्मरवाले लावतात ती ग्लास इपॉक्सी शीट काय वेगळी आहे? वेगळी नाहीच. पॅनेल आणि ट्रान्सफॉर्मरचं सामान विकणाऱ्याकडून १२ मिलिमीटरचे दोन तुकडे आणले. ते पाणी पीत नाहीत, दाबाखाली दबत नाहीत. चिकटवायला इपॉक्सी, त्यात सिलिकाची भुकटी घालून श्रीखंडाइतकं घट्ट केलेलं. जुनं फायबर पॉलिएस्टर रेझिनचं होतं. त्यावर इपॉक्सी चांगलं धरतं, उलट मात्र तितकं धरत नाही, हे लक्षात ठेवायचं. ८० नंबरच्या पेपरनं घासून, ॲसिटोननं पुसून मगच.

वेळेचा घोळ पहिल्या दिवशी झाला. सकाळी अकराला कालवलेलं इपॉक्सी सात मिनिटांत डब्यातच तापून धूर सोडायला लागलं. डब्यावर छापलेला वेळ २५ अंशांचा असतो आणि दर १० अंशांना तो साधारण अर्धा होतो. शेडमध्ये पारा ४३. दुसऱ्या दिवसापासून आम्ही पहाटे पाचला आलो आणि रेझिन उथळ ताटलीत पसरून वापरलं. खोल डब्यात ते स्वतःच्याच उष्णतेनं पेटतं.

नव्या बिजागऱ्या ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसच्या करायच्या ठरल्या. जुनी पुन्हा वेल्ड करण्यात अर्थ नव्हता आणि त्याच मापाची तयार मिळेना. ३०४ चाललं असतं का? नागपूरच्या गोड्या पाण्यात चाललं असतं. पण बोट उद्या पुन्हा समुद्रात जाणार नाही असं मालक लिहून देईनात. ३१६ मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, मिठाशी ते झुंजतं. बाजारात मात्र डोळे उघडे ठेवावे लागतात. इतवारीतून आणलेल्या पहिल्या पट्टीवर तपासणीच्या द्रावणाचा थेंब टाकून ९ व्होल्टची बॅटरी लावली तर थेंब लाल झाला. म्हणजे २०० मालिकेचा माल, निकेल कमी आणि मँगेनीज जास्त, ३०४ सुद्धा नाही. परत केली. दुसऱ्या दुकानातून टेस्ट सर्टिफिकेटसकट ८ मिलिमीटरची पट्टी घेतली.

पिन १२ मिलिमीटरची, ३१६ चीच. पिन आणि भोक दोन्ही स्टेनलेस ठेवले तर ते एकमेकांना घासून चिकटतात आणि मग हातोडीशिवाय हलत नाहीत, म्हणून मधे डेल्रिनचे, म्हणजे कठीण प्लास्टिकचे, बुश खराद करून घातले. वेल्डिंग काकांनी जिगवर, म्हणजे तुकडे जागेवर पकडून ठेवणाऱ्या चौकटीत, केलं, ३१६एल च्या तारेनं, थांबून थांबून, नाहीतर पट्टी ओढली जाते.

खरं कसब बसवण्यात. दोन्ही पिना एका ओळीत येण्यासाठी आम्ही पिना घातल्याच नाहीत. त्याऐवजी सव्वा मीटर लांब १२ मिलिमीटरची ग्राउंड, म्हणजे घासून नेमक्या मापाची केलेली, सळी दोन्ही बिजागऱ्यांतून आरपार घातली आणि ती तशीच ठेवून बोटीवर मांडणी केली. एक मीटरच्या अंतरात अशी सळी स्वतःच्या वजनानं मधे अर्ध्या मिलिमीटरहून जास्त झोळ खाते. विश्वास बसणार नाही, पण दोरा धरून बघा. मधे लाकडाचा टेकू देऊन ती सरळ केली. ट्रान्समचा काठ गोलसर, त्यामुळे बिजागरीचा तळ कुठं टेकत होता, कुठं अधांतरी. तिथं घट्ट इपॉक्सीचा गोळा ठेवून, बिजागरीच्या तळाला पॅकिंग टेप लावून, ती त्या गोळ्यात बसू दिली. दुसऱ्या दिवशी टेपसकट उचलली तर खाली तिच्या नेमक्या मापाचा चौथरा तयार. मग भोकं. स्क्रू एकही नाही. एम-८ चे बोल्ट आरपार, खाली ४ मिलिमीटरची स्टेनलेस पट्टी, सहज सैल न होणारे नायलॉक नट. स्टेनलेसचे नट कोरडे आवळले की अर्ध्यात जाम होतात, आट्यांना अँटीसीझ, म्हणजे जाम होऊ न देणारी पेस्ट, लावूनच आवळायचे. सगळं झाल्यावर लांब सळी ओढून काढली आणि तिच्या जागी खऱ्या पिना घातल्या. झाकण एका बोटानं हलत होतं. ॲक्च्युएटरशिवाय, नुसतं.

ब्रॅकेट मूळ भोकांवर परत गेला, त्यामागंही ग्लास इपॉक्सीची पाटी. सहा सेंटिमीटरची कमतरता दांड्याच्या टोकाला तेवढाच जोडतुकडा लावून भरली. लेथवर अर्ध्या तासाचं काम. हे त्या आधीच्या माणसानं केलं असतं तर ही बोट आमच्या दारात आलीच नसती.

मोजायला साधं हत्यार वापरलं : डीसी क्लॅम्प मीटर. बोट आली तेव्हा झाकण दोन माणसांनी जागेवर धरून वर सरकवलेल्या जागेवरच्या ॲक्च्युएटरनं जेमतेम उचललं होतं, तेव्हा सुरुवातीचा करंट १६ अँपिअर. आता साडेसहा. कुणाला जोराचं गणित नको असेल तर हा आकडा पुरेसा बोलतो, आणि कुठल्याही गॅरेजमध्ये मोजता येतो.

तरी उजवा कोपरा उचलताना मागं राहायचा. एका बाजूनं ढकललं की फायबर पिळतो. डावा कोपरा निघाल्यावर उजवा २२ मिलिमीटर उशिरा. म्हणून उजवीकडं कारच्या डिक्कीला असतो तसा गॅसचा शॉक लावला. इथं पुन्हा नागपूर आडवं आलं. गॅस शॉकवर लिहिलेला जोर २० अंशांचा असतो. आमच्या शेडबाहेर दुपारी झाकणाच्या लाल पट्ट्यावर पारा ६८ दाखवत होता, आत ६५ च्या आसपास. गॅस तापला की दाब वाढतो : ४०० न्यूटनचा शॉक ६५ अंशांना ४६० चा होतो आणि डिसेंबरातल्या ८ अंशांच्या पहाटे ३८५ वर येतो. कॅटलॉग बघून दमदार शॉक घातला असता तर मे महिन्यात लॅच उघडताच झाकण हनुवटीवर आलं असतं. आम्ही उन्हाळ्याचा आकडा धरून ४०० चाच ठेवला. तो वजनाचा तिसरा हिस्साच उचलतो, बाकी ॲक्च्युएटर बघून घेतो. कोपऱ्याचा उशीर ७ मिलिमीटरवर आला.

झाकणाखालचं स्पंजाचं रबर तेल पिऊन फुगलं होतं आणि चिकटत होतं. ते बदललं. लॅचही नवा. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

शेडमध्ये पन्नास वेळा उघडझाप करून बोट रामटेकजवळ खिंडसीला नेली. सकाळी सहाला पाणी काचेसारखं, गडावरची देवळं समोर. मालकांनी दोन फेऱ्या वेगानं मारल्या, मुद्दाम आपल्याच लाटांवरून उडवून. परत आल्यावर झाकण उघडलं. बिजागऱ्या ठीक. पण डाव्या बिजागरीच्या पुढं, काठावर, केसाएवढी भेग. माझ्या पोटात गोळाच आला.

चूक आमचीच होती. डाव्या चौथऱ्यात एका कोपऱ्याला हवेचा बुडबुडा राहिला होता. बोल्ट आवळल्यावर फायबर त्या पोकळीत वाकला आणि जेलकोट फुटला. बोट पुन्हा हिंगण्याला, चौथरा तासून पुन्हा ओतला, या वेळी गोळा मधे उंच ठेवून, म्हणजे हवा कडेनं निघून जाते. तीन दिवस वाढले. त्याचे पैसे घेतले नाहीत. एकूण बिल साहित्य आणि मजुरी धरून एकतीस हजार झालं. मालकांच्या मते बिजागरीचे एकतीस हजार जास्त आहेत, आणि बिजागरीचे म्हटले तर खरंच जास्त आहेत.

मेकॅनिक अजून नाराज आहे. झाकण आता ३६ अंशांवर थांबतं आणि मागच्या प्लगपर्यंत त्याचा हात पोचत नाही. लांब स्ट्रोकचा ॲक्च्युएटर घालू का, म्हणून त्यानं विचारलं. पाच सेंटिमीटर जास्तीचा घातला तर झाकण ४७ अंशांवर जातं, काठाला टेकायच्या फक्त एक अंश आधी. मी नाही म्हटलं. त्याऐवजी ॲक्च्युएटरच्या वरच्या टोकाला ओढून काढायची पिन दिली : तसं मोठं काम असेल तेव्हा पिन आणि शॉकची क्लिप काढायची, दोघांनी झाकण हातानं ४५ अंशांवर न्यायचं आणि पाइपाचा टेकू द्यायचा. "दोन माणसं कुठून आणू जी?" असं तो म्हणतो, आणि त्याचंही चुकत नाही.

नट आवळल्यावर प्रत्येकावर आणि खालच्या पट्टीवर लाल रंगाची एकच सरळ रेघ मारून ठेवली होती. पावसाळा संपल्यावर जाऊन पाहिलं. सोळांपैकी पंधरा रेघा जुळलेल्या, ब्रॅकेटजवळच्या एकीत दोन मिलिमीटरची फट. तो नट पुन्हा आवळला, रेघ पुसून नवी मारली. आता हुरड्याच्या दिवसांत पुन्हा एक चक्कर आहे.